पत्रा आणि पुठ्ठा

रणगाडा हे यंत्र सपाट पत्रे कापून, कडेला कड लावून जोडलेले असते. या पुस्तकाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. विमानाचे पोट फुगीर, मोटारीचे बॉनेट गोलाईचे, जहाजाची नाळ दोन्ही अंगांनी वळलेली. ही सगळी कागदात उतरवताना कुठे ना कुठे तडजोड करावी लागते. रणगाड्याचे धड मात्र मुळातच कागदाच्या स्वभावाचे आहे. कारखान्यात आराखड्यावरून पोलादी पत्रा कापतात, आपण छापील रेघेवरून पुठ्ठा कापतो. पुढची जुळणीही बरीचशी त्याच क्रमाने होते. म्हणून कागदी रणगाडा करणाऱ्याला खरा रणगाडा कसा बांधला गेला हे जेवढे उमगते, तेवढे प्लास्टिकचे तयार भाग चिकटवणाऱ्याला उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे. माझे प्लास्टिकवाले मित्र यावर चिडतात. चिडोत बापडे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणक्षेत्रात, फ्लेर आणि कुर्सेलेत या गावांपाशी ब्रिटिशांचे मार्क १ रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. ते आकाराला आले इंग्लंडातल्या लिंकन शहरी, विल्यम फॉस्टर अँड कंपनी या शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात. बॉयलर बांधणाऱ्यांना ठाऊक असलेलीच रीत तिथे वापरली गेली. आत लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर सहा ते बारा मिलिमीटर जाडीचे पत्रे, आणि पत्रे अँगलला रिव्हेटने ठोकून पक्के केलेले. शाळेत कागदाचे घर करताना भिंतीच्या कडेला चिकटवण्यापुरता दुमडलेला कान सोडायला शिकवतात. तो कान म्हणजेच हा अँगल. आता थोडे गणित. कागदी रणगाड्यांत सर्वांत रूढ प्रमाण १:२५ चे. दोनशे ग्रॅम वजनाची कार्डशीट साधारण पाव मिलिमीटर जाड असते. पंचवीसने गुणले की सव्वासहा मिलिमीटर येतात. म्हणजे मार्क १ चा सर्वांत पातळ पत्रा कार्डशीटच्या एका थरात तंतोतंत मावतो, वर काही लावायची गरज नाही. प्लास्टिकच्या साच्यातून एवढी पातळ भिंत काढणे अवघड.

रिव्हेटची एक खोड होती. बाहेरून गोळी आदळली की रिव्हेटचे डोके तुटून आतल्या माणसांच्या अंगावर उडे. तिच्यावरचा उपाय वेल्डिंगचा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत कारखाने उरल पर्वतापलीकडे हलवले गेले, तेव्हा निझ्नी तागीलच्या कारखान्यात येव्गेनी पातोन या अभियंत्याने पत्रे जोडणारी स्वयंचलित वेल्डिंग यंत्रे बसवली. तिथे जुळणारा टी-३४ हा कागदी कारागिरांचा सर्वांत लाडका रणगाडा, आणि तो उगाच लाडका झालेला नाही. त्याच्या धडाचे पत्रे मोजके आणि सपाट आहेत. समोरचा पत्रा ४५ मिलिमीटर जाड, उभ्या रेषेपासून ६० अंश मागे कललेला. त्या कलामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला ४५ नव्हे, ९० मिलिमीटर पोलाद पार करावे लागे. पत्रा जाड न करता चिलखत दुप्पट करण्याची ही युक्ती पुस्तकात वाचून पटते. पण हाताने तो पत्रा त्या कोनात बसवताना, बाजूचे पत्रे वर आतल्या अंगाला झुकवून त्याला भेटवताना, आत माणसांसाठी किती थोडी जागा उरते ते दिसते, आणि युक्तीची किंमत कोणी मोजली तेही कळते.

रिव्हेटपासून वेल्डिंगपर्यंतचा हा प्रवास कागदानेही केला आहे. जुन्या छापील प्रतिकृतींत प्रत्येक कडेला कान असत. कान दिसतो, सांध्यापाशी कागद दुहेरी होऊन उंचवटा येतो, कोपरा बोथट दिसतो. आजचे कसलेले कारागीर कान कापून टाकतात, पत्रा एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर डकवतात, कड हव्या त्या कोनात तासतात आणि कडेला कड भिडवतात. टी-३४ चा ४५ मिलिमीटरचा पत्रा १:२५ मध्ये १.८ मिलिमीटर होतो, म्हणजे एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे दोन थर, किंचित घासून. जर्मनांच्या पँथर आणि टायगरमध्ये आणखी मौज आहे. त्यांचे जाड पत्रे नुसते वेल्ड केलेले नसून एकमेकांच्या खाचांत अडकवलेले होते, सुतार पेटीचे कोपरे जोडतो तसे. त्या खाचा पुठ्ठ्यात कापल्या, तर डिंक लावण्याआधीच धड आपल्या पायावर उभे राहते.

पोलाद ओतायला घेतले की मात्र कागदाची पंचाईत होते. टी-३४ ची १९४४ पासूनची सुधारित आवृत्ती, टी-३४-८५, हिचे धड पत्र्याचे असले तरी वरचे टरेट, म्हणजे तोफेसह फिरणारा बुरूज, साच्यात ओतलेला होता. त्याचे गाल दोन्ही दिशांनी फुगलेले आहेत. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध करून ठेवले, की असा पृष्ठभाग ताणल्या-आक्रसल्याशिवाय सपाट करता येत नाही. उलट दिशेनेही तेच खरे. सपाट कागद एका दिशेने हवा तसा वाकेल, दुसऱ्या दिशेने वाकवायला गेलात की चुणी पडणार. मग आराखडा काढणारा टरेट पाकळ्यांत बेततो. पाकळ्या कमी घेतल्या तर कडा टोकदार दिसतात, जास्त घेतल्या तर चिकटवणाऱ्याचे हाल. चांगल्या आराखडाकाराची पारख टरेटवरच होते. काहीजण पाकळ्यांवर ओला कागदी लगदा थापून घासतात. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा त्यातून छान येतो. युद्धकाळातली ओतीव टरेटे होतीही तशीच ओबडधोबड.

कागदी रणगाड्याची ही कला पोलंडची. कागद कापून वस्तू उभ्या करण्याचे छापील तक्ते त्याआधीही होतेच: फ्रान्समध्ये एपिनालच्या छापखान्याचे, जर्मनीत एसलिंगनच्या श्रायबर प्रकाशनाचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लाकूड-धातूची टंचाई असताना 'मायक्रोमॉडेल्स' नावाचे पोस्टकार्डाएवढे तक्ते निघाले आणि खपलेही. पण रणगाडा कागदात रुजवला तो पोलंडने. १९५७ साली तिथे 'मावी मोदेलाश', म्हणजे छोटा प्रतिकृतीकार, हे मासिक निघू लागले. काढणारी संस्था 'सैनिकांचे मित्र' अशा नावाची सरकारी संघटना, तेव्हा हेतू उघड होता: मुलांच्या हाताला तांत्रिक वळण लागावे आणि मनाला सैन्याचे. योगायोगाने त्याच वर्षी शेजारी चेकोस्लोव्हाकियात 'आबेत्से' हे तरुण तंत्रज्ञांसाठीचे मासिक सुरू झाले आणि तेही कागदी प्रतिकृती छापू लागले. पाश्चात्त्य प्लास्टिक संच त्या देशांत सहज मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते. कागद, कात्री आणि गोंद मात्र घरोघरी होते. १९६६ ते १९७० या काळात 'चार रणगाडेवाले आणि कुत्रा' या अर्थाच्या नावाची दूरदर्शन मालिका पोलंडमध्ये तुफान गाजली. तिच्यातला १०२ क्रमांकाचा टी-३४, 'रुडी' त्याचे नाव, आणि शारिक नावाचा कुत्रा हे तिथल्या एका अख्ख्या पिढीचे सवंगडी झाले.

इथे प्रमाणाबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. प्लास्टिकच्या जगात रणगाडा १:३५ चा असतो. त्याचे कारण १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने काढलेला पँथर. त्यात मोटर आणि बॅटरी मावायला हवी होती, आणि मावण्याच्या सोयीतून ते प्रमाण पडले. कागदाला बॅटरीची पर्वा नाही. १:२५ मध्ये टायगरच्या धडाची बाजू सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांब येते, ए-४ आकाराच्या पानावर न तोडता बसते, आणि खिळ्याच्या डोक्याएवढा तपशीलही हाताने कापण्याजोगा मोठा राहतो.

१९८९ नंतर पोलंडमध्ये खासगी प्रकाशक उभे राहिले आणि चित्र पालटले. आंद्जेय हालिन्स्की यांच्या 'कार्टोनोवी आर्सेनाव' या मालिकेने छपाई आणि तपशील यांची पातळी एकदम कुठल्या कुठे नेली. गंजाचे डाग, तेलाचे ओघळ, रंग उडालेले कोपरे हे सगळे कागदावरच छापलेले. कात्री चालवणाऱ्या पोराचा खेळ बघता बघता चाळिशीतल्या माणसांचे व्रत झाला. व्रत म्हणताना मी कौतुक आणि तक्रार दोन्ही करतो आहे. टायगरचेच बघा. प्रत्येक बाजूला आठ आस, एकमेकांत गुंतलेली चाके. सुरुवातीच्या टायगरला दोन्ही बाजूंची मिळून ४८ चाके होती. पट्ट्याच्या कड्या एका बाजूला ९६. एकेक कडी सुटी करून ओवायची म्हटली, तर धड आणि टरेट मिळून जेवढे काम होते त्याच्या कितीतरी पट काम एकट्या पट्ट्याचे होते. मी स्वतः ते करतो, पण नवख्याला सांगत नाही. छापील सलग पट्टी गुंडाळून बसवा. रणगाडा पुरा होणे जास्त महत्त्वाचे.

हाताच्या कामाबद्दल पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे फक्त कागदाच्या एका गुणाबद्दल बोलतो, कारण जपणुकीचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पसरलेले असतात. त्या दिशेला समांतर गुंडाळी सहज होते, आडवी केली तर कागद कुरकुरतो आणि मोडतो. टी-३४-८५ च्या तोफेची नळी १:२५ मध्ये साडेअठरा सेंटिमीटर भरते. ती तंतूंच्या दिशेने गुंडाळली तरच गोल आणि सरळ राहते. दमट हवेत तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. म्हणून एका दिशेचा कागद दुसऱ्या दिशेच्या पुठ्ठ्यावर डकवला, की पहिल्या पावसाळ्यात पत्रा पापडासारखा वळतो. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते, ते भरपूर चोपडले तर पावसाळ्याचीही वाट बघावी लागत नाही. मोठ्या पत्र्यांना पाण्याविना सुकणारा रबरी सोल्युशन चालतो खरा, पण काही वर्षांत तो पिवळा पडून कागदातून वर डोकावतो. मला विचाराल तर गोंद थोडा, दाब भरपूर आणि रात्रभर वजनाखाली.

छपाईचेही तसेच. घरच्या इंकजेट प्रिंटरची स्वस्त शाई गोंदाच्या ओल्या बोटाने पसरते आणि उजेडात उडते. लेझर प्रिंटरची शाई पाण्याला दाद देत नाही, पण ती कागदावर थर होऊन बसलेली असल्याने घडीवर तडकते आणि पांढरी रेघ दिसते. कापलेली कड तर दोन्हींत पांढरीच राहणार. ती पत्र्याच्या रंगाच्या जलरंगाने रंगवल्याशिवाय जोडायची नाही. एवढी एक सवय लागली तरी शाळकरी काम आणि कारागिरी यांत फरक पडतो.

आता जपणूक. पुण्यात पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे त्यांतले कितीतरी कागद आजही उलगडता येतात. चिंध्या आणि ताग कुटून केलेला तो हातकागद, लांब तंतूंचा आणि आम्लरहित. त्याच्या शेजारी साठच्या दशकातले 'मावी मोदेलाश' ठेवा. साठेक वर्षांतच पान तपकिरी झालेले असते आणि कोपरा दुमडला तर हातात येतो. कारण एकोणिसाव्या शतकात कागद लाकडाच्या लगद्यापासून होऊ लागला. नुसत्या दळलेल्या लाकडात लिग्निन राहते, ते उजेडाने पिवळे पडते. आणि शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटीचा हात दिला, की त्यातून आम्ल तयार होऊन तंतू आतून तुटत जातात. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९७०६, १९९४ साली आले. त्यात कागदात आम्ल मारणारा चुन्याच्या जातीचा अंश असावा लागतो. आज आपण प्रतिकृती छापतो तो कागद असा निवडता येतो. जुन्या मासिकाला ती मुभा नव्हती.

त्यातून एक पेच उभा राहतो, आणि त्यावर कागदी कारागिरांत दोन तट आहेत. प्लास्टिकचा रणगाडा जोडला काय, खोक्यात ठेवला काय, त्याच्यासारखे हजारो संच जगात असतात. जुना छापील तक्ता कापला की तो तक्ता संपला. म्हणून पहिला तट तक्ते न कापता जपतो, आणि काही तक्ते चढ्या किमतीला विकले जातात ते यामुळेच. दुसरा तट म्हणतो की न कापलेला रणगाडा हा रणगाडाच नव्हे, नुसता कागद. माझा कौल दोघांनाही पुरता आवडणार नाही. आराखडा जपावा, रणगाडा वापरावा. तक्ता चांगल्या प्रतीने स्कॅन करून ठेवला, की रेघ टिकली. मग नव्या, आम्लरहित कागदावर छापून तो कितीही वेळा उभा करता येतो. आधीच उभा असलेला जुना रणगाडा हे मात्र वेगळे प्रकरण. कुण्या मुलाने चाळीस वर्षांपूर्वी वाकड्या कात्रीने कापलेल्या चाकाची प्रत निघत नाही. ते चाक सरळ करायला जाऊ नये.

उभ्या प्रतिकृतीचे शत्रू ओळखीचे आहेत. पहिला उजेड: संग्रहालये कागदासाठी सहसा ५० लक्सच्या आसपासचा मंद प्रकाश ठेवतात, आणि आपण काचेचे कपाट हौसेने खिडकीसमोर मांडतो. दुसरा ओल: मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बंद खोलीत बुरशी यायला वेळ लागत नाही, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवून त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात. तिसरी कसर, जिला खळ आणि जुना डिंक फार आवडतो. डांबरगोळ्या मी टाळतो. त्यांचा वास प्रतिकृतीतून जात नाही आणि घरातल्यांच्या डोक्यातूनही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावणे हा तर गुन्हा समजावा, तिचा गोंद कागदात मुरून कायमचा डाग धरतो. कागद-दुरुस्तीतले जाणकार गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात, कारण ते जोडकाम पुढे कधी सोडवायचे ठरले तर पाण्याने सुटते. कपाट स्वस्त एमडीएफचे असेल तर त्यातूनही आम्लाच्या वाफा निघतात. आत जाड काच किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी ठेवून रणगाडा तिच्यात बसवावा. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, फुंकर मारू नये, कारण फुंकरीत ओल असते.

खरे रणगाडे जपणेही सोपे नसते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, इथले घोडदळ रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडे आहे. व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता असे रणगाडे तिथे अंगणात आणि शेडमध्ये उभे आहेत, आणि मराठी मुलखात कागदी रणगाडा करणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन पत्र्यांचे सांधे जवळून बघावेत. कुठे रिव्हेट आहे, कुठे वेल्डिंगची वळी, कुठे ओतीव पोलादाचा रवाळपणा, हे कोणतेही छायाचित्र इतके नीट सांगत नाही. त्याच शहरातल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन जपलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्माने पुण्याचे, वय एकवीस, त्याच रणगाड्यात लढता लढता धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालेल्या माणसाचा रणगाडा आज दुरुस्त करून, रंगवून ठेवलेला आहे. दुरुस्ती आवश्यक होती, पण रंगाच्या प्रत्येक नव्या हाताखाली त्या दिवसाचे काही ना काही झाकले जाते, आणि याला संग्रहालयवाल्यांकडेही पक्के उत्तर नाही. कागदी सेंच्युरियन करणारा निदान ठरवू शकतो की आपण लढाईच्या आदल्या सकाळचा रणगाडा करतो आहोत की नंतरचा.

या पुस्तकात चार रणगाड्यांचे तक्ते आहेत. पहिला मार्क १, कारण त्याला टरेट नाही आणि सगळे पत्रे सपाट. रिव्हेट मागून बोथट सुईने दाबून उठवायचे. दुसरा विजयंता. व्हिकर्सच्या ब्रिटिश आराखड्यावरून साठच्या दशकाच्या मध्यापासून तो चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बांधला जाऊ लागला. त्याचे टरेटही पत्र्यांचे वेल्ड केलेले असल्याने ते कागदाला फार त्रास देत नाही. तिसरा टी-३४-८५, पाकळ्यांच्या टरेटसह. चौथा टायगर, ज्यांना ४८ चाके करण्याची हौस आहे त्यांच्यासाठी. या क्रमातच करावेत असे माझे म्हणणे आहे. टायगरपासून सुरुवात करणारे सहसा पाचव्या-सहाव्या चाकाशी थांबतात.

पॅटन का नाही, असे अनेकजण विचारणार. सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन कसे अडकले, हे ऐकत आपल्यातले कितीतरी वाढले, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पण एम-४८ पॅटनचे संपूर्ण धड एकसंध ओतलेले, नौकेच्या तळासारखे सगळीकडून गोल, टरेटही तसेच. त्याचे कागदी आराखडे आहेत आणि काही फार हुशारीने बेतलेलेही आहेत. तरी प्रत्येकात शेवटी पुठ्ठ्याचे थरावर थर चिकटवून ते घासत बसावे लागते. त्याला कागदी रणगाडा म्हणायचे की पुठ्ठ्याचे कोरीवकाम, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. आराखडा काढायला मात्र नाही.